भरलेली गाडी, रिकामी गाडी : झोलाच्या मंडईचे एक वाचन

एमिल झोलाच्या 'ल व्हाँत्र द पारी' या १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा उल्लेख आपल्याकडे झालाच तर तो बहुधा निसर्गवादाच्या सर्वसाधारण चर्चेत, उदाहरणादाखल होतो. वीस कादंबऱ्यांच्या 'रुगाँ-माकार' मालिकेतील ही तिसरी कादंबरी. 'नाना' किंवा 'जर्मिनाल' यांच्याएवढी ती वाचली जात नाही. आणि जे वाचतात त्यांच्याही स्मरणात तिच्यातील माणसांपेक्षा कोबीचे ढीग, मासळीचे लिलाव आणि चीजच्या दुकानातील दर्प अधिक राहतो. हे स्मरणच पुढे आक्षेपाचे रूप घेते : कादंबरीकाराने मंडई पाहिली, मंडईतला माणूस मात्र त्याच्या हातून निसटला. या आक्षेपाची तपासणी करावयाची तर ती कोणत्या जागेवरून करावयाची, हा प्रश्न आधी उपस्थित होतो. पॅरिसच्या मंडईविषयीची कादंबरी मराठीत वाचणारा वाचक हा पॅरिसचा ग्राहक नसतो. तो तेथे माल घेऊन येणाऱ्याच्या बाजूचा असण्याचा संभव अधिक.

प्रथम शीर्षक पाहू. 'व्हाँत्र' म्हणजे पोट. १८९६ च्या व्हिझेटेलीकृत इंग्रजी अनुवादात हे शीर्षक गेले आणि त्याऐवजी 'लठ्ठ आणि रोड' अशा अर्थाचे नाव आले. 'पोट' इंग्रजी शीर्षकात ठामपणे स्थिरावले ते बरेच उशिरा. हा बदल अगदीच निराधार नव्हता. कादंबरीतील चित्रकार क्लोद लाँतिए ब्रूगेलच्या परंपरेतील जुन्या खोदचित्रांचा आधार घेऊन माणसांचे लठ्ठ आणि रोड असे दोन वर्ग पाडतो आणि मंडईतील प्रत्येकाला त्यांत बसवून दाखवतो. पण या शीर्षकाने कादंबरीतील एका पात्राचा सिद्धान्त संपूर्ण कादंबरीचा सिद्धान्त होऊन बसला. झोलाचे मूळ शीर्षक एका अवयवाविषयी आहे, आणि हा अवयव नगराचा आहे. मराठीत 'पॅरिसचे पोट' असा शब्दशः अनुवाद सहज होतो, तथापि तो तितकासा निरुपद्रवी नाही. झोलाच्या शब्दात प्रथम भरलेपण आहे : साठा, गोलाई, पचन, त्यानंतरची सुस्ती. मराठीत 'पोट' उच्चारताच रिकामेपण पुढे येते. हातावर पोट असते, पोटावर पाय येतो, पोटाला चिमटा घ्यावा लागतो, पोटासाठी गाव सोडावे लागते. भाषेने या शब्दात उपासमारीचा इतिहास साठवून ठेवला आहे. मराठी वाचक ही कादंबरी उघडतो तेव्हा शीर्षकापाशीच तो झोलाच्या उलट दिशेने चालू लागलेला असतो.

ही उलट दिशा कादंबरीला परकी नाही, हे तिच्या पहिल्या पानांवरूनच दिसते. १८५८ सालची एक रात्र. नांतेर आणि आसपासच्या गावांतून भाजीपाल्याच्या गाड्या ओळीने पॅरिसकडे निघाल्या आहेत. सर्वांत पुढे मादाम फ्राँस्वाची गाडी. तिचा घोडा अचानक थांबतो, कारण रस्त्यात एक माणूस आडवा पडला आहे. तो दारुडा असावा असे मागच्या गाडीवाल्यांना वाटते. प्रत्यक्षात तो भुकेने कोसळलेला फ्लोराँ आहे. १८५१ च्या डिसेंबरमधील उठावानंतर, फारसे काही केलेले नसताना, तो पकडला गेला आणि गियानातील बंदीवसाहतीत पाठवला गेला. तेथून पळून तो परतला आहे. मादाम फ्राँस्वा त्याला गाडीवर चढवते, आणि गाजरे, सलगम व कोबी यांच्या राशीवर उताणा पडून एक उपाशी मनुष्य पॅरिसच्या पोटात शिरतो. तोही एका परीने त्या रात्रीचा मालच. ही प्रतिमा झोलाने विलक्षण शांतपणे ठेवली आहे. तिच्यावर भाष्य नाही, आणि पुढील साऱ्या कादंबरीत या प्रसंगाइतका नेमका दुसरा प्रसंग क्वचितच आढळतो.

पुढचे कथानक थोडक्यात सांगण्यासारखे आहे. फ्लोराँचा सावत्र भाऊ कनू हा मंडईसमोर डुकराच्या मांसाच्या पदार्थांचे भरभराटीचे दुकान चालवतो. त्याची पत्नी लिझा सुंदर, स्वच्छ, हिशेबी आणि प्रामाणिक आहे. इतकी प्रामाणिक की मामाच्या वारशातला फ्लोराँचा वाटा ती पै-पैचा हिशेब मांडून त्याच्यापुढे ठेवते. फ्लोराँ तो नाकारतो, आणि अखेर सरकारी मासळीबाजाराचा निरीक्षक होतो. ज्या सत्तेने त्याला देशोधडीला लावले तिचाच नोकर. लेबीग्रच्या गुत्त्यात जमणाऱ्या मंडळींबरोबर तो उठावाची स्वप्ने रंगवू लागतो. मंडईला त्याच्या कृशतेचा आधी संशय येतो, मग राग येतो. शेवटी लिझा त्याची खबर देण्यासाठी पोलिसांकडे जाते, तेव्हा तिला एक जाड बासन दाखवले जाते : शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिच्या कितीतरी आधी ते काम करून ठेवले आहे. फ्लोराँची पुन्हा रवानगी होते आणि मंडईचा रंग पूर्ववत खुलतो. गुत्त्यातील क्रांतिकारकांच्या चित्रणात झोला अन्याय करतो असे मला वाटते. त्या माणसांना त्याने हास्यचित्रांच्या पलीकडे जाऊ दिलेले नाही. मंडईच्या तळघरांत वाढलेल्या मार्जोलँ आणि कादीन यांची प्रकरणेही सैल आहेत. त्यांवर येथे वेळ घालवण्याचे कारण नाही.

मुख्य प्रश्न वर्णनांचा आहे. जॉर्ज लुकाच याने १९३६ मधील 'कथन की वर्णन' या अर्थाच्या शीर्षकाच्या प्रसिद्ध निबंधात झोलाच्या 'नाना'मधील आणि टॉलस्टॉयच्या 'अॅना कॅरेनिना'मधील घोड्यांच्या शर्यतींची तुलना केली. टॉलस्टॉयकडे शर्यत ही पात्रांच्या जीवनातील घटना असते, झोलाकडे ती प्रेक्षकाच्या दृष्टीने टिपलेले दृश्य राहते. वर्णन माणसाला वस्तूच्या पातळीवर आणते, असा त्याचा निष्कर्ष. आपल्याकडील मार्क्सवादी समीक्षेत हा निकष पुष्कळदा जसाच्या तसा वापरला गेला. 'ल व्हाँत्र द पारी'ला तो लावून पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते : येथे वर्णन माणसाला वस्तूच्या पातळीवर आणते हे खरेच आहे, आणि कादंबरीला नेमके तेच सांगावयाचे आहे. चीजच्या दुकानातील सुप्रसिद्ध प्रसंग पाहावा. मादम्वाझेल साजे ही चुगलखोर म्हातारी फ्लोराँ हा फरारी कैदी असल्याची बातमी तेथे फोडते. तीन स्त्रिया कुजबुजत असतात, आणि परिच्छेदामागून परिच्छेद चीजचे नाना प्रकार आपापला वास सोडत राहतात. बातमी पसरते ती या वासातून. वासाप्रमाणेच, कोणी जबाबदार नसल्यासारखी. येथे वर्णन थांबवून 'कथन' सुरू केले असते तर खबर देणारी एक दुष्ट म्हातारी तेवढी उरली असती. वर्णनामुळे खबर देणारी मंडई उरते. लिझाला दाखवलेल्या बासनातील कागदांना जे अनेक हात लागले आहेत, त्यांचे शैलीगत रूप म्हणजे हे वर्णन होय.

समृद्धी हीच येथे पोलीस-व्यवस्था आहे. हे ज्या वाचकांपुढे मांडले गेले ते वाचकही विसरता कामा नये. कथेचा काळ १८५८ चा, दुसऱ्या साम्राज्याच्या ऐन वैभवाचा. पुस्तक मात्र १८७३ मध्ये आले. मधल्या काळात १८७०-७१ च्या वेढ्यात पॅरिसने उंदीर, घोडे आणि प्राणिसंग्रहालयातील हत्तीही खाल्ले होते. त्यानंतर कम्यूनचा रक्तपात झाला आणि १८७२ पासून कम्यूनच्या कैद्यांची जहाजे न्यू कॅलेडोनियाकडे जाऊ लागली. या वाचकाला फ्लोराँची दुसरी हद्दपारी पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट वाटणे शक्य नव्हते. त्याच्या दृष्टीने कोबीच्या प्रत्येक ढिगामागे एक रिकामा चौक उभा होता.

मराठी वाचकाला सर्वाधिक खिळवून ठेवणारा प्रसंग स्वयंपाकघरातला आहे. कनूच्या दुकानामागे डुकराचे रक्त आतड्यांत भरण्याचे काम चालू आहे. चुलीचा धग, चरबीचा वास, रक्त ढवळण्याचा आवाज. लहानगी पोलीन 'जनावरांनी खाल्लेल्या माणसाची गोष्ट' सांगण्याचा हट्ट धरते आणि फ्लोराँ आपलीच कहाणी तिसऱ्या पुरुषात सांगू लागतो. त्यात बंद्यांचे अन्न येते : अळ्या पडलेला तांदूळ आणि दुर्गंधी सुटलेले मांस. उपासाचे दिवस येतात. आणि लिझा, हातातले काम न थांबवता, माणूस तीन दिवस अन्नावाचून राहू शकतो यावर विश्वास ठेवण्यास नकार देते. तिच्या मते इतके उपाशी राहणारा माणूस भलाच असू शकत नाही. या नकारात क्रौर्य नाही, हेच त्याचे भयंकरपण. लिझाची नीती पूर्णतः सुसंगत आहे : पोट भरलेले असणे हे सचोटीचे प्रमाण, म्हणून रिकामे पोट हा पुरावाच. शेवटच्या पानावर सभ्य माणसांविषयी क्लोदच्या तोंडून जो उद्वेग बाहेर पडतो त्याची तयारी या चुलीपाशी झालेली असते.

उद्धव शेळके यांच्या 'धग'ची (१९६०) कौतिक, 'बलुतं'मधील (१९७८) दया पवारांची आई, लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'तील (१९८०) भटके कुटुंब यांच्याशी परिचय असलेल्या वाचकाला लिझाचा अविश्वास कानाखाली बसल्यासारखा जाणवतो. या साहित्यात तीन दिवसांची भूक सिद्ध करावी लागत नाही. ती गृहीत असते आणि लेखन तेथून सुरू होते. झोलाची कादंबरी भरलेल्या पोटाच्या आत बसून उपाशी माणसाकडे पाहते. साठोत्तरी मराठी गद्यातील एक मोठा प्रवाह उपाशी माणसाच्या आत बसून बाहेर पाहतो. म्हणून दोन्हीकडच्या याद्यांची जात वेगळी आहे. झोलाची यादी रेलचेलीची, अंतहीन. दलित आत्मकथनांतील यादी मोजकी : काय मिळाले, किती मिळाले, कोणी दिले. तिसऱ्या प्रश्नाला झोलाकडे स्थान नाही, कारण बाजारात देणाऱ्याचे नाव लागत नाही.

हा फरक उष्ट्याच्या संदर्भात फारच ठळक होतो. झोलाच्या मंडईत मोठ्या घरांतील आणि उपाहारगृहांतील पानांवरचे उरलेसुरले अन्न विकणारी दुकाने आहेत. मादम्वाझेल साजे तेथे चोरून जाते, कोणी पाहत नाही ना याची खात्री करते आणि दरबारी मेजवानीतील उरलेला घास पैसे मोजून घेते. तिची लाज गरिबीची लाज आहे, आणि ती लपवता येते. मंडईच्या गर्दीत दोन पावले चालली की ती पुन्हा प्रतिष्ठित म्हातारी होते. मराठी गावगाड्यात उष्टे हे विकत घ्यावयाचे नव्हते. ते जन्माने वाट्याला येत असे, उघड्यावर मागावे लागे, आणि त्यालाच हक्क म्हटले जाई. मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टे अन्न आणि मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले तेव्हा अन्नाचा प्रश्न भुकेच्या पलीकडे नेला. झोलाजवळ पोटाचे राजकारण आहे. पोटाची जात असू शकते हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. पण लठ्ठ आणि रोड ही विभागणी आपल्याकडे आणताना ती येथे आडवी-उभी चिरली जाते, एवढे ध्यानात ठेवावे लागते.

आता पुन्हा मादाम फ्राँस्वाच्या गाडीकडे येऊ. १८७३ हे वर्ष मराठीच्या संदर्भात 'गुलामगिरी'चे आणि सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचे वर्ष आहे. त्यानंतर दहा वर्षांनी लिहून पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये जोतीराव फुले यांनीही शहराच्या बाजारात येणाऱ्या माळव्याच्या गाडीचे चित्र काढले आहे. तेथे गाडी रिकामी होते ती अशी : विक्रीच्या थोड्याशा रकमेतून दलालांचा आणि वजनातला दगा जातो, नगरपालिकेची जकात जाते, आणि शेतकरी गाडीभाड्याचा भार अंगावर घेऊन मुलाबाळांकडे हात हलवीत परततो. झोलाच्या वर्णनाची पाने आणि फुल्यांचा हा मजकूर शेजारी ठेवले तर पोत भिन्न, हेतू भिन्न, वाङ्मयप्रकारही भिन्न. गाडी मात्र एकच आहे. झोला गाडीबरोबर शहरात शिरतो आणि तेथेच राहतो. फुले गाडीबरोबर परत जातात.

फुल्यांचा मंडईशी संबंध ग्रंथापुरता नव्हता. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी नव्या मंडईच्या इमारतीवर मोठी रक्कम खर्च करण्यास विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असा त्यांचा आग्रह होता. मंडई झालीच. १८८६ मध्ये ती 'रे मार्केट' या नावाने सुरू झाली आणि पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिलाच महात्मा फुले यांचे नाव मिळाले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही (१८६९) आज हेच नाव आहे; त्याच्या प्रवेशद्वारांवर लॉकवुड किपलिंगने कोरलेल्या शिल्पपट्टांत शेतकरी आहेत, म्हणजे पिकवणाऱ्याला मंडईत कायमची जागा मिळाली ती दगडात. या विपर्यासावर कोणी सविस्तर लिहावयास हवे. येथे मला एवढेच दाखवावयाचे आहे की मंडई विरुद्ध शाळा हा संघर्ष झोलाच्या कादंबरीतही सूक्ष्म रूपात आहे. फ्लोराँ मूळचा शिक्षक. मासळीबाजारातील म्यूश या पोराला तो अक्षरे गिरवायला शिकवतो आणि कित्त्यात जुलूम, स्वातंत्र्य, क्रांती असे शब्द देतो. झडतीच्या वेळी पोलिसांना संशयास्पद वाटते ते या कित्त्यांतील अक्षर.

गाडीबरोबर परत जाणे म्हणजे काय, याचा विचार एखाद्या ठरावीक गावाच्या जागेवरून केल्यास तो अधिक स्पष्ट होतो. गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाडा घ्या. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात असलेला वैनगंगेच्या खोऱ्यातील हा सारा टापू धानाचा. येथे पीक बांधीत उभे असते तेव्हा त्याचे नाव धान. गिरणीतून निघाल्यावर ते तांदूळ होते. हे नामांतर जेथे घडते तेथेच किमतीचे मुख्य अंतर पडते, आणि गिरण्यांचे शहर म्हणून गोंदिया वाढले ते या अंतरावर. रोवणीपासून चुरण्यापर्यंतचे श्रम एका नावाखाली, विक्रीचे मोल दुसऱ्या नावाखाली. झोलाची मंडई या दुसऱ्या नावांची मंडई आहे. तिच्यातील साऱ्या वस्तू आधीच 'तांदूळ' झालेल्या असतात. मासळीचे प्रचंड लिलाव आहेत, पण संपूर्ण कादंबरीत कोळी नाही. डुकराच्या मांसाचे शेकडो प्रकार आहेत, डुकरे पाळणारा नाही. आठवडी बाजाराच्या अनुभवावर वाढलेल्या वाचकाला हे चटकन जाणवते, कारण तेथे मासळीच्या टोपलीमागे बसलेल्या ढिवर बाईच्या घरच्यांनीच मालगुजारी तलावात जाळे टाकलेले असण्याचा संभव असतो. विकणारा आणि काढणारा यांच्यात तेथे अजून पुरते अंतर पडलेले नसते. आणि ज्या कादंबरीत अन्नाची एवढी आरास आहे, तिच्यात तांदूळ लक्षात राहतो तो कैद्यांच्या ताटातला, अळ्या पडलेला, शिक्षेचे अन्न म्हणून, हे धानाच्या मुलखातील वाचकाच्या नजरेतून सुटणे कठीण.

यावर असे म्हणता येईल की झोलाने शेतकऱ्यावर स्वतंत्र कादंबरी लिहिली. 'ला तेर' (१८८७) ही बोस प्रदेशातील शेतकऱ्यांची कादंबरी सर्वश्रुत आहे. पण मंडई एका खंडात आणि माती चौदा वर्षांनंतरच्या दुसऱ्या खंडात, ही वाटणीच विचार करण्याजोगी आहे. मालिकेच्या आराखड्याने समाजाचे जे विभाग पाडले ते बाजाराने पाडलेल्या विभागांशी जुळले. गाडी जेथे खाली होते तेथे एक कादंबरी संपते.

अर्थात ती पुरती संपत नाही. मधेच एक दिवस फ्लोराँ आणि क्लोद मादाम फ्राँस्वाबरोबर नांतेरला तिच्या मळ्यात जातात. हे प्रकरण साऱ्या पुस्तकात छोटे आणि मोकळ्या हवेचे आहे. समीक्षकांनी ते विसावा म्हणून वाचले. माझ्या मते कादंबरीचा सांधा येथे आहे. मादाम फ्राँस्वाची गाडी पॅरिसहून रिकामी परतत नाही. मंडईतला कचरा, सडलेली पाने, साली भरून आणून ती त्यांचे खत करते. पॅरिसने खाऊन टाकलेले मातीत जाते आणि कोबी होऊन पुन्हा पॅरिसला निघते. मंडईत सडण्याचा जो वास असह्य होता तो येथे सुसह्य होतो, आणि फ्लोराँला प्रथमच भुकेचा आणि भरलेपणाचा, दोहोंचाही त्रास होत नाही. झोलाला हे चक्र निसर्गाचे वाटते. त्यातील पैशाचा भाग तो सांगत नाही. पहिल्या प्रकरणात सलगमच्या जुड्यांवर जी घासाघीस झाली तिचा हिशेब नांतेरला पोचत नाही. बाल्तारच्या ज्या लोखंडी मांडवांपाशी ही घासाघीस झाली तेही आज नाहीत. घाऊक बाजार १९६९ मध्ये रँजिसला गेला आणि १९७१ पासून मांडव पाडण्यात आले. एकच तेवढा नोजाँ-स्युर-मार्न येथे हलवून जपला आहे.

मराठी अनुवादकापुढे म्हणूनच एक लहानशी, पण टाळता न येणारी निवड आहे. मादाम फ्राँस्वाच्या व्यवसायासाठी झोला जो शब्द वापरतो तो पिकवून विकणारीसाठी आहे. 'भाजीवाली' म्हटले तर ती मंडईची होते आणि नांतेरचे प्रकरण खरोखरच एका सहलीचे वर्णन उरते. 'माळीण' म्हटले तर शब्दाबरोबर जात येते, जी पॅरिसमध्ये नाही. पण मळा येतो, मोट येते, पहाटेची गाडी येते आणि माळव्याची ती दुसरी गाडीही येते. मी 'माळीण' घेईन.